मधली भिंत

(बस डेपोच्या व्यवस्थापकाची खोली. खिडकीतून कंपाउंडची भिंत दिसते आणि तिला लागूनच नवं मेट्रो स्टेशन. व्यवस्थापक भाऊ आहे. समोर उभी बहीण त्या स्टेशनची अभियंता.)

बहीण : ...आणि तू पंख्याखाली बसून मला विचारतोस, माझा काय संबंध?

भाऊ : आवाज खाली. बाहेर ड्रायव्हर बसलेत.

बहीण : ऐकू देत त्यांनाही. काल ती बाई तुझ्याच बसमधून उतरली, दादा. स्टेशन समोर दिसतंय, पण मध्ये तुझी भिंत. म्हणून गेटबाहेर जायचं, हमरस्त्याच्या कडेने वळसा घालायचा. तिथे तिला टेम्पोने उडवलं.

भाऊ : टेम्पो माझा नव्हता.

बहीण : हे तिच्या नवऱ्याला सांगून बघ. मी सकाळी हॉस्पिटलात जाऊन आले. खुब्याचं हाड मोडलंय. तो मला एका शब्दाने बोलला नाही. त्यापेक्षा थोबाडीत दिली असती तर परवडलं असतं.

भाऊ : म्हणून इकडे येऊन माझ्यावर उखडतेस.

बहीण : मग कुणावर उखडू? डेपोच्या बाजूचं दार बांधून तयार आहे. कुलूप लावून ठेवलंय, कारण उघडलं की समोर भिंत. बैठकीला किती वेळा बोलावलं तुला? तू तुझा तो साहाय्यक पाठवायचास. बिस्किटं खायचा आणि ‘साहेबांना विचारून सांगतो’ म्हणायचा.

भाऊ : पहिल्या बैठकीला मी स्वतः आलो होतो. कडक इस्त्री करून. बहिणीचं काम आहे म्हणून.

बहीण : आणि अर्ध्यातून उठून गेलास.

भाऊ : का गेलो? मी सांगत होतो, त्या कोपऱ्यात आमच्या गाड्या रिव्हर्स घेतात, मागचं माणूस ड्रायव्हरला दिसत नाही, दार थोडं पुढे सरकवा. तू काय म्हणालीस? ‘साहेब, डिझाइन फायनल झालंय.’

बहीण : ऑफिसात तुला दादा म्हणू?

भाऊ : काहीही म्हण, पण ऐकून तर घे. आधी सगळं ठरवलंत आणि मग आम्हाला बोलावलंत. विचारायला नाही, माना डोलवायला.

बहीण : वरून उद्घाटनाची तारीख आली होती. आधी सगळ्यांना विचारत बसलो तर वर्ष जाईल, म्हणाले. मी भांडले होते त्यांच्याशी.

भाऊ : मला नाही दिसलं.

बहीण : कसं दिसेल? फोन उचलत होतास का माझा? आईच्या ऑपरेशनची खबरही मी वहिनीला दिली. रुसायचंच होतं तर घरी रुसायचं, दादा. त्या बाईने तुझं काय घोडं मारलं होतं? भिंत तुझ्या अखत्यारीत येते ना?

भाऊ : येते.

बहीण : मग पाड.

भाऊ : आज पाडली तर माणसं थेट मागे येणाऱ्या बसखाली जातील. तेव्हाही हेच सांगत होतो, तुझ्या कानात शिरत नव्हतं.

बहीण : आता शिरतंय. बोल.

भाऊ : तो कोपरा गाड्यांना बंद करावा लागेल. त्यासाठी तिथला डिझेलचा पंप हलवायला हवा.

बहीण : वेळ लागेल त्याला.

भाऊ : लागेल. तोवर गाड्या मागच्या गेटने फिरवतो. लांब पडतं, ड्रायव्हर शिव्या घालतील.

बहीण : मी लोखंडी कठडे पाठवते. दारापासून बसथांब्यापर्यंत दोन्ही बाजूंनी लावू, म्हणजे कुणी मध्येच गाड्यांत शिरणार नाही.

भाऊ : तुझे साहेब?

बहीण : बोंबलतील. त्यांना न विचारता दार उघडलं म्हणून माझी बदलीही करतील. करू देत. माझा राग अजून गेलेला नाही, हे लक्षात ठेव.

भाऊ : माझा तरी कुठे गेलाय? उद्या सकाळी माणसं लावतो भिंतीला. त्या बाईचा नवरा अजून हॉस्पिटलात असेल?

बहीण : असेल. का?

भाऊ : जाऊन येतो.

बहीण : तो तुला वाट्टेल ते बोलेल, दादा.

भाऊ : बोलू दे. ऐकायलाच जातोय.