किरकोळ दुरुस्ती

किरकोळ म्हणजे किरकोळच हो, तपासनीस साहेब — एका ओळीतला एक शब्द बदलला, त्याची काय दवंडी पिटायची? लिहा, लिहा, पेन कसं सरसावून बसलायत — पण समजून घेऊन लिहा, नाहीतर अहवालात भलतंच काही खपवाल. हे बघा — प्रोग्रॅम सुरू करणारा माणूस त्याला काही चिठ्ठ्या देतो, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणतात त्यांना — भाषा कुठली, नोंदी कुठल्या फाइलीत लिहायच्या, असल्या. प्रोग्रॅम त्याच माणसाच्या अधिकारात चालणार असेल, तर खुशाल वाचाव्यात. पण आमचा नोंदींचा प्रोग्रॅम कुणीही सुरू केला तरी चालायचा मुख्य व्यवस्थापकाच्या अधिकारात — सगळी कपाटं सताड उघडी! तिथे कुणाही सोम्यागोम्याची चिठ्ठी मानायची का? नाही मानायची. त्यासाठी चिठ्ठी वाचायचं वेगळं, सावध फंक्शन असतं — अधिकार उसना दिसला की ते सरळ सांगतं, चिठ्ठीबिठ्ठी काही आलेली नाही. आमच्या लायब्ररीत, म्हणजे सगळे प्रोग्रॅम वापरतात त्या तयार कोडच्या साठ्यात, मी — म्हणजे ज्या कुणी लिहिलं त्या माणसाने — साधंच वापरलं. हसताय काय, तुम्ही जन्मतःच शहाणे होतात वाटतं?

तर मास्तर — आमचे सहकारी, सगळ्यांचं शुद्धलेखन तपासायचे म्हणून मास्तर — त्यांनी एका दुपारी चाचणीसाठी चिठ्ठीत फाइलीचं नाव दिलं, आणि नेमकं त्यांचंच एक अक्षर चुकलं. त्या चुकलेल्या नावाची फाइल होती सगळ्या कार्यालयाच्या रजांची. प्रोग्रॅमने तिच्यावरच नोंदी लिहिल्या, जुनं सगळं गेलं पुसून! आता मला सांगा, ती फाइल उघडायचा अधिकार मास्तरांना होता का? नव्हता. मग पुसली कुणी? — पण विचारतो कोण, चिठ्ठीवर नाव त्यांचं होतं, त्यांना तळघरात जुन्या कागदांपाशी बसवायचं ठरलं. मला ओळ सापडली चौथ्या दिवशी. शब्द बदलला, पुढे ‘किरकोळ दुरुस्ती’ असा शेरा मारला आणि गप्प बसले. मास्तर तळघरात जायला खोकं भरत होते, म्हणाले, "बाई, तुम्हाला काही सापडलं का हो?" मी म्हटलं, "नाही." सहा वर्षं झाली त्याला. रोज खाली त्यांच्याबरोबरच जेवते मी — अजून माझ्या वेलांट्या सुधारतात, आणि मी पण मुद्दाम दोन चुकवून नेते, तेवढंच त्यांना बरं वाटतं —

थांबलात का? खोडू नका ते. असू दे तसंच, खाली माझं नाव घाला. आणि आता उठा, साहेब, मला तळघरात जायचंय. तुमचा कागद त्यांच्यापर्यंत पोचायच्या आधी मी पोचायला हवी.