नीलाचा उपास आणि आमचे कावळे

हॅलो?... हॅलो, कोण?... अगं कुंदे, तू होय! थांब, आधी श्वास घेऊ दे. अनुपमाबाईंनी खालून हाक मारली, 'आजी, बोरिवलीहून लेकीचा फोन', आणि मी दोन जिने एका उडीत उतरले... बरं, उडी नाही. पण बऱ्याच पायऱ्यांना पाय लागला नाही.

हो, नीला आहे ना. वर झोपलीय... दुपारचीच झोपलीय. अगं ऐक ना, मीच तुला फोन करणार होते... काय? राजगिऱ्याचे लाडू?... उद्या सोमवार आहे ते मला ठाऊक आहे गं. कालनिर्णय माझ्याही भिंतीवर आहे... नाही, लाडू आणणार नाही. उद्या तिला उपास नाही... नाही म्हणजे नाही!

ऐक. आज सकाळी ती बाजारात चक्कर येऊन पडली... मुलुंडच्याच बाजारात, आणखी कुठल्या! कोथिंबिरीच्या ढिगावर पडली म्हणून डोकं वाचलं...

हसतेस काय?... अगं, कोथिंबीर खरी आहे!... मागे सांगितलेल्या मगरीची गोष्ट वेगळी. आणि मगर होतीच, जरा लहान होती एवढंच... बरं, माझं राहू दे. अनुपमाबाई! अहो, सांगा हो हिला, सकाळी नीलाला रिक्षातून कोणी उतरवलं?... ऐकलंस? 'आम्ही दोघींनी धरून उतरवलं' म्हणतायत. त्यांना कुठे गोष्टी रचता येतात!... हां. आता पटलं ना.

रडू नकोस. शुद्धीवर आहे, चांगली बोलतेय. तशीच डॉक्टरांकडे नेली. ग्लुकोजचं पाणी पाजलं. म्हणाले, रक्त कमी, ब्लडप्रेशर खाली, आणि हे वजन पंधरा वर्षांच्या मुलीचं नाही. वर मला विचारतात, 'आजी, घरात खायला घालता ना?' मला! मला विचारतात!... आणि कुंदे, तिची पाळी कधीपासून आली नाही, तुला माहितेय?... 'परीक्षेचं टेन्शन' असं ती म्हणाली. आणि तुला पटलं. बरं.

छे छे, उपासानं कसलं होतंय! आपल्या घरात उपासानं कोण बारीक झालंय आजवर? तुझे बाबा एकादशीला खिचडी, वरी, दाण्याची आमटी आणि वर रताळ्याचा कीस खायचे, मग पंखा लावून आडवे. त्याला उपास म्हणतात. ही उपास नाही करत गं. ही उपाशी राहते... हो, तेच सांगतेय. काही खात नाही. खिचडीसुद्धा नाही.

कशावरून म्हणजे? सुट्टीला इथे आलीय तेव्हापासून बघतेय. गुरुवारी खिचडी करून दिली. 'आजी, गॅलरीत बसून खाते.' बशी लख्ख करून आणली पोरीनं. मी विचारलं, कशी झालीय? म्हणाली, 'मस्त, मीठ अगदी बरोबर.' कुंदे, मीठ घालायला मी विसरले होते!... मुद्दाम नाही गं, खरंच विसरले. मग काल, शनिवारी, पडद्याआडून बघितलं. खालच्या पत्र्यावर कावळ्यांची पंगत बसलेली, साबुदाण्यावरून मारामारी! आमचे कावळे असे माजलेत की एक उडायला गेला तर पत्राच वाकला... पत्र्याचं सोड. साबुदाणा खरा.

सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, मध्येच चतुर्थी. उरलं काय? आणि तू बिल्डिंगभर सांगत फिरलीस, आमची नीला किती देवाची!... नाही गं, तुला बोलत नाहीये. पोर हुशार आहे. 'डाएट करते' म्हणाली असती तर तू लाटणं घेऊन मागे लागली असतीस. 'उपास' म्हणाली, तू हात जोडलेस. थाप कशी असावी, तर अशी! आजीवर गेलीय.

बोलले ना तिच्याशी. डॉक्टरांकडून आल्यावर... ओरडले कशाला? आधी वनमालाआत्याची गोष्ट सांगितली... तुला कशी माहीत असणार, आत्या आजच जन्माला आली. बारीक व्हायचं म्हणून जेवण सोडलं तिनं, आणि वर्सोव्याला होडीत बसली, तर वाऱ्यानं उडून सगळ्यांच्या आधी मढच्या किनाऱ्याला पोचली. तिथे कोळणीनं बोंबील समजून दोरीवर वाळत घातली!... हसली ना. खूप हसली. आणि हसता हसता रडायला लागली. मग बोलली.

वर्गातल्या मुली तिला 'डबलडेकर' म्हणतात... अगं थांब, शाळेत जाऊन भांडायचं नंतर बघू. ऐक तरी! मुलींना ते नाव मिळालं कुठून? गॅदरिंगला सगळ्यांसमोर हाक कोणी मारली, 'आली बघा आमची डबलडेकर'?... हो. तुझ्या नंदकुमाररावांनीच... लाडानं गं, लाडानंच. ते काय मला माहीत नाही? पण त्या दिवसापासून पोरगी जेवली नाहीये.

आहेत का घरी? दे त्यांना... पेपर वाचू देत नंतर. दे.

नंदकुमारराव, नमस्कार... हो, बरी आहे आता... ऐकलंत ना सगळं?... अहो नाही, मी तुम्हाला दोष देत नाही. बाप लाड करणारच. पण ते नाव आजपासून बंद. घरात नाही, थट्टेत नाही, झोपेत बडबडलात तरी नाही... आणि येऊन उपदेश करायचा नाही. 'खा, खा' म्हणून ताटाकडे बघत बसायचं नाही. आपण आपलं जेवायचं, तिच्यासोबत. असं डॉक्टरांनीच सांगितलंय... उद्या मोठ्या डॉक्टरांकडे न्यायचं. चिठ्ठी दिलीय त्यांनी... हो, मनाच्याच. त्यात लाजायचं काय? पाय मुरगळला तर दाखवतो ना आपण?... महिने लागतील म्हणाले. लागू देत. आपण कुठे जातोय?

दे कुंदाला... हं, बोल. व्रत अर्धं राहील?... अगं, लोक जगावेत म्हणून जो विष प्यायला, तो आपल्या पोरीला उपाशी ठेवून काय करणार? राहिलेले सोमवार मी करते. साग्रसंगीत! खिचडी, कीस, थालीपीठ, काही सोडणार नाही. शंकराला हिशोब मी देईन, माझं-त्याचं बरं आहे.

थांब, कोण आलं?... नीले! एकटी कशी उतरलीस गं? कठडा धरला होतास ना? बस. इथे बस, माझ्याजवळ... आई आहे फोनवर. बोलतेस?... कुंदे, मान हलवतेय. नको म्हणते... रागानं नाही गं, घाबरलीय. तू ओरडशील असं वाटतंय तिला... काय गं? बाबा?... कुंदे, नंदकुमाररावांना दे परत. लवकर दे. घे नीले, नीट धर, कानाला लाव...

काय झालं? काय म्हणाले?... रडतायत? रडू देत. तू धरून ठेव फोन. तुला बोलावंसं वाटलं तर बोल, नाही तर नको... हं... हं... झालं? आण इकडे.

हॅलो... कुंदे, तू होय. ऐक, हळू बोलते. भूक लागलीय म्हणाली तुझ्या नवऱ्याला. आता इथे मला विचारतेय, भात आहे का... थोडाच म्हणते. वर वरण नको, तूप नको, नुसता भात... अगं नको तर नको! आज नुसता भात. तू काही विचारू नकोस, मीही विचारत नाही... हो, या दोघं. तोंड धुऊन या, आणि तिला बघून रडत बसू नका... नाही, आता एक शब्दही नाही. कुकर लावायचाय मला. ठेव. ठेव गं!