सत्काराचा फलक

बाळ मांडीवर नुकतंच झोपलं होतं, त्यामुळे दवाखान्याच्या बाकावरून तिला हलता येईना. शेजारी एक सराफ आणि त्याचा वकील मेव्हणा कुजबुजत होते.

“दाजी, गोळी झाडलीत तेव्हा चोर अंगावर येत होता ना?”

“छे रे! बंदूक बघताच सुरा टाकून पळत सुटला. भर रस्त्यात आडवा केला त्याला!”

“हळू! पळणाऱ्यावर गोळी झाडली तर ते स्वसंरक्षण होत नाही. सरळ तुरुंगात जाल. आणखी कुणाला बोललात?”

“एक शब्द नाही. तुझ्या ताईची शपथ!”

“मग बघू, काहीतरी करता येईल.”

“नुसता सत्काराचा फलक लागलाय चौकात. दुकानाच्या कॅमेऱ्यातला फोटो मीच दिला.”

“फोटोत काय दिसतंय?”

“मी! बंदुकीसकट, एका बाजूने चेहरा अगदी झकास आलाय. पुढे पळणाऱ्या त्या भामट्याची नुसती पाठ.”