जाळीवरचा सनबोर्ड

हसू नका राव.

थंडी पडली तशी बायको रोज म्हणायची, "अहो, बाथरूमच्या जाळीतून गार वारा येतो." आमच्या काळेवाडीच्या घरात गॅस गीझर बाथरूममध्येच आहे. कंपनीतून आणलेला एक सनबोर्ड, म्हणजे फोमचा छापील फलक, घरात पडून होता. मी तो कापला, छापील बाजू भिंतीकडे करून जाळीवर बसवला आणि चारी बाजूंनी टेप मारली. फिनिशिंग असलं, की मुंगीला वाट नाही!

रविवारी ती अंघोळीला गेली. बादली भरून वाहायला लागली, तरी नळ बंद होईना. "सुनीता!" उत्तर नाही. दोन लाथांत कडी तोडली, तर ती फरशीवर पडलेली आणि गीझर मजेत पेटलेला. मी आणि शेजारच्या काकांनी तिला उचलून गॅलरीत आणलं. मोकळ्या हवेत तिनं डोळे उघडले, तेव्हा कुठं माझ्या जिवात जीव आला.

दवाखान्यात डॉक्टर भडकलेच. "गीझरमधून निघणाऱ्या विषारी वायूला वाससुद्धा नसतो! हवा खेळायला जागा ठेवली होती का?"

घरी आल्या आल्या मी सनबोर्ड ओढून काढला. काकांनी तो हातात घेऊन मोठ्यानं वाचला, "कोंडली हवा, जिवाला दगा, खिडक्या उघडा, सुखाने जगा!"

मग माझ्याकडे बघतच राहिले. खाली छापलं होतं, 'सुरक्षा सप्ताह घोषवाक्य स्पर्धा, पहिलं बक्षीस'.

आणि शेजारी माझा फोटो. हसरा.