या खिडकीला फळीच बरी

— टेप गुंडाळा, काचवाले, या खोलीला काच नको. का म्हणता? बसा त्या स्टुलावर, सांगते. एक होती म्हातारी, तिला एक मुलगा, एक सून नि एक तिखट जिभेची नात. लढाई लागली तशी चौघं जिन्याखाली राहायला गेली — भोंगा वाजला की जिन्याखाली, बॉम्ब पडला की जिन्याखाली, पुढे पुढे तर काही झालं नाही तरी जिन्याखालीच. मग लढाई संपली म्हणे. रेडिओवर बँड वाजला. पण जिना सुटतोय कुठला? कुकरची पहिली शिट्टी झाली की चौघं गाठोडी उचलून खाली — आणि गॅस कोण बंद करणार, शेजारीण? वर्षभर करपलेलं गिळलं. मुलगा म्हणायचा, "आई, आता ह्याचीच चव लागलीये." बायकोची मर्जी राखावी तर त्यानं.

हसा, हसा. पुढे सून शहाणी झाली, साध्या पातेल्यात शिजवायला लागली. मुलगा पलंगावर झोपायला लागला — आधी बूट घालून, मग बूट काढून. राहिली कोण? म्हातारी. तिची गादी अजून जिन्याखालीच. या खोलीत येते ती दुपारची, फळीकडे पाठ करून बसते. ह्याच खिडकीची काच ना, पहिल्याच बॉम्बला अंगावर आली — तिचा म्हातारा दाढी करत होता इथं. तो बिचारा मोरीतच करायचा, अंधारात. मीच म्हटलं, खिडकीशी उभे राहा, उजेड आहे, नाहीतर गाल कापून घ्याल — मी म्हणजे म्हातारीच हो. एकच ते.

तर तुम्हाला बोलावलं कुणी? नातीनं. समोर तो चष्मिष्ट राहायला आलाय ना, त्याच्यापायी. सकाळपासून कार्टी फळीच्या फटीशी केस विंचरत उभी असते. काल मला म्हणते, "आजी, फटीतून त्याचा एकच कान दिसतो गं." लढाई संपली म्हणून सरकारनं सांगितलं, पेपरनं सांगितलं, मी म्हटलं, सांगतायत बापडे. पण ह्या घरातलं माणूस आपल्या पायांनी खिडकीशी जाऊन उभं राहिलं — तेही नट्टापट्टा करून — ह्यापरतं भाग्य आणखी कुठलं यायचं होतं आमच्याकडे?

घ्या माप. चांगली अख्खी काच लावा, तुकडे जोडू नका. आणि ठोकायच्या आधी हाक मारा, म्हणजे मी जिन्याखाली जाईन. माझ्या तोंडाकडे काय बघताय, काम करा.