समोरची बँक

(भिवापूर, १९६५. बाजाररस्त्यावर समोरासमोर दोन बँका होत्या. आता एकच उरली आहे, तिच्या खिडकीपाशी.)

प्रयागबाई : आता अंगठ्यालेबी वळख लागते काय, बाबू? मिरचीचे सारे पैसे याच अंगठ्यानं काढत आली मी!

कारकून : ते समोरच्या बँकेत, बाई. ती आमच्यात विलीन झाली. एका गावात दोन शाखा कशाला, म्हणून तिला कुलूप लागलं.

प्रयागबाई : मंग माहा अंगठा काय तिच्यासंगं सती गेला?

कारकून : इथं तुम्हाला कोणी ओळखत नाही. आमच्या एखाद्या खातेदाराने सांगितलं, की लगेच पैसे. त्या बाकावर सिंधूताई आहेत ना. सिंधूताई, यांना ओळखता?

सिंधूताई : नाई बा.

कारकून : आडनाव तर एकच आहे!

सिंधूताई : जाऊ हाये माही. सात वर्षं बोलचाल बंद हाये, वळख कुठून राहीन?

प्रयागबाई : इचं खातं इकडं, म्हनून तं म्या तिकडं उघडलं होतं, बाबू. एका बाकावर बसा लागू नये!

कारकून : मग उद्या दुसऱ्या कोणाला तरी घेऊन या.

प्रयागबाई : उद्या काय करू? सुमतीले नर्सिंगले लावून राहिलो नागपूरले. फी आजच भरा लागते. पोरगी एस.टी. स्टँडवर बसून हाये.

सिंधूताई : आपली सुमती? नर्स?

प्रयागबाई : माही सुमती.

सिंधूताई : वळख देईन मी. पन आधी सांग, सासूच्या तेरवीची कढी कोनं खारट केली? सारं गाव मले हासलं.

प्रयागबाई : इथं? बँकेत?

सिंधूताई : तुही बँक बंद झाली वं, माही नाई.

प्रयागबाई : ...टाकलं होतं म्या मीठ. हात नाई लावला म्हनून खोटी शपथ खाल्ली. पन एकच मूठ! एका मुठीनं हंडाभर कढी खारट होते काय?

कारकून : सिंधूताई, मी काय लिहू?

सिंधूताई : थांबा जरा.

प्रयागबाई : बोल ना वं.

सिंधूताई : दुसरी मूठ माही होती.

प्रयागबाई : आँ? मंग इतके वर्षं काहून नाई बोलली?

सिंधूताई : तू काहून नाई बोलली? लिहा बाबू, ही प्रयागबाईच हाये. माही मोठी जाऊ. लाव वं अंगठा लवकर, पोरीची गाडी सुटन.

प्रयागबाई : संध्याकाळी जेवाले ये. कढी करीन.

सिंधूताई : येईन. मी येतवरी मीठ नको टाकू.