राहणार नाही असं लिहून द्या

नाही ताई, आशीर्वाद काढायचे. आशीर्वाद, सुखाने नांदा, तो मधला सगळा भाग काढून टाकायचा — या खेपेला तिकडच्या वकिलाने पाठवलंय तेवढंच उतरवायचं, काना-मात्रेचाही फरक नको, सुनेने बजावलंय तसं, पिवळं करून पाठवलंय बघा. पहिलं पत्र तुम्हीच टाइप करून दिलं होतं की मागच्या आठवड्यात, याच टेबलावर. तुम्ही म्हणालासुद्धा, काका, किती छान लिहिलंय. ते छानच नडलं.

म्हणजे झालं काय — मुलगा तिकडे परदेशात घर घेतोय हे तुम्हाला माहीतच आहे. आठ वर्षं भाड्याने राहिला, परका माणूस म्हणून भाडंसुद्धा सहा-सहा महिन्यांचं आगाऊ भरलं, आणि आता घर घ्यायचं तर तिथली बँक परक्याला निम्मंच कर्ज देते, उरलेलं निम्मं पदरचं दाखवायचं. त्याच्या पदरात कुठलं एवढं? मग मी पाठवले. सुतारकामाचा कारखाना विकला आणि पाठवले, एकरकमी, हिशेब नको नि काही नको. तर पैसे पोचल्यावर वकील विचारतो, हे कुणाचे? वडिलांचे. कर्जाऊ दिले? नाही. मग का दिले? — आता याचं उत्तर काय द्यायचं, तुम्ही सांगा. बाप पैसे का देतो? त्यांच्याकडे म्हणे त्याचंही पत्र लागतं, सही-शिक्क्याचं. म्हटलं लागतं तर लागू दे, आणि मनापासून लिहिलं — ही माझ्या हयातीची कमाई, आनंदाने देतोय, आता आपण सगळे एका छपराखाली राहू, माझे उरलेले दिवस नातवंडांत जावोत. यात वावगं काय आहे? तुम्हाला दिसलं काही?

वकिलाने नेमकं छपरावर बोट ठेवलं. हा माणूस घरात हक्क मागतोय म्हणाला. उद्या हप्ते थकले, बँकेने घर विकायला काढलं, तर आत एक म्हातारा बसलेला असेल आणि तो म्हणेल मी उठत नाही. मी कशाला असं म्हणेन? पण त्याचंही चुकलं असं मी म्हणणार नाही हं. तो मला ओळखत नाही. मीही लाकूड घेताना गाठ बघूनच घ्यायचो, झाड किती गुणी होतं ते नाही विचारायचो. तर बँकेने कर्ज अडवून ठेवलंय, आणि उद्या दुपारी बाराच्या आत नवं पत्र पोचलं नाही तर सौदा मोडला, बयाणा गेला. तेव्हा लागा तुम्ही कामाला, माझ्या बोलण्याकडे लक्ष देऊ नका. मी बोलत बसतो.

काय लिहिलंत? वाचा जरा. — 'या घरावर माझा आज किंवा पुढे कोणताही हक्क नाही.' बरोबर. हे एकदम मान्य. मला कशाला हवाय हक्क, मी काय घर डोक्यावर घेऊन जाणार आहे? पुढे? — 'आणि मी या घरात राहणार नाही.' हं. इथे जरा थांबा. इथे 'सध्या' घालता येईल? सध्या राहणार नाही, असं. एकच शब्द. नाही? पिवळ्यात नाही ते नाही, खरंय. सुनेने बजावलंयच तसं. राहू द्या.

गंमत सांगतो तुम्हाला. त्या घरात एक छोटी खोली आहे, दाराशेजारची. तिचं माप मी सुनेकडून मागवून घेतलं होतं, सव्वासात बाय नऊ. तिने लगेच पाठवलं, मुलगी कामाची चोख आहे, कशाला हवंय ते मात्र तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मी पलंग केला. भिंतीला दुमडून लागणारा, म्हणजे दिवसा खोली मोकळी, कुणाच्या पायात यायला नको. कारखान्यातलं शेवटचं काम ते, सगळे सांधे खाचेचे, एक खिळा नाही. सुटा करून खोक्यात भरलाय, पत्ता लिहायचा बाकी आहे. परवा फोटो पाठवला तर सुनेचं उत्तर आलं, बाबा, फार सुंदर, त्या खोलीत माझं कामाचं टेबल येणार आहे पण बाहेर लावू, पाहुण्यांना होईल. पाहुण्यांना. मी लिहिलं, होईल की.

मग मुलाला फोन केला. म्हटलं, अरे, हे राहणार नाही वगैरे कागदापुरतंच ना? तो म्हणाला, बाबा, फॉर्मॅलिटी आहे नुसती. म्हटलं, मग सही झाली की तिकीट काढू? मागे नळ चालू होता, तो त्याने आधी बंद केला. मग म्हणाला, तीन महिने या ना बाबा, भेटीला येणाऱ्यांना तेवढाच परवाना मिळतो. म्हटलं, तीन महिने म्हणजे पुष्कळ झाले. वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, खूप वाईट वाटलं. पण राग कुणावर काढायचा? त्याने कधी या म्हटलं होतं? आठवून बघितलं मी रात्रभर. नव्हतं म्हटलं. पैसे द्या असंही नव्हतं म्हटलं, निम्मं कमी पडतंय एवढंच म्हणाला होता. बाकीचं सगळं मीच धरून चाललो. आमची ही असती तर तिने आधीच विचारलं असतं, आम्ही राहायचं कुठे म्हणून. तिला नको तिथे प्रश्न विचारायची खोड होती, आणि मी तिला गप्प करायचो.

असो. झालं टाइप? द्या इकडे, सही करून टाकतो. मुलाचं घर व्हायलाच हवं, त्यात दुमत नाही — आठ वर्षं परक्याच्या भिंतीला खिळा ठोकायची सोय नव्हती त्याला. कुठे करू, इथे? घ्या. झाली. मारा शिक्का.

आणखी काय राहिलं? पत्ता? लिहा की, कारखान्याचाच, वरच्या खोलीत तर राहतो मी. कायमचा लागतो? मग तो नको. वरची खोलीही विकण्यातच गेली, एकतीस तारखेला किल्ली द्यायचीय घेणाऱ्याला. असं करा, मुलाचाच घाला, नव्या घराचा, पहिल्याच ओळीत आहे बघा तो —

हो. बरोबर आहे तुमचं. तो कसा घालणार.

तुम्ही त्या मागच्या बाईंचं काम घ्या करायला. खोळंबल्यात त्या केव्हाच्या. मी बसतो जरा बाकावर.